भेग आणि अखंडता: हरलेल्या कल्पनेचं परत येणं

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. वस्तू तुटते, म्हणजे नेमकं काय होतं? हा इंजिनिअरांचा प्रश्न वाटतो खरा, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न दडलेला आहे: वस्तू सलग आहे, की कणांची बनलेली?

1821 मध्ये पॅरिसमध्ये नाविए यांनी कणांची बाजू घेतली. पदार्थातले कण थोड्या अंतरावरून एकमेकांना ओढतात, ढकलतात. लवचिकता त्यातूनच येते, असं त्यांचं म्हणणं. पण या वाटेनं गेलं की एक पेच पडतो. पट्टी ताणली की ती लांब होते आणि बारीकही होते. या दोन बदलांचं प्रमाण म्हणजे पॉयसाँचं गुणोत्तर. कणांच्या सिद्धांतानुसार, ज्या पदार्थाचे गुण सर्व दिशांना सारखे आहेत त्यात ते 1/4 च यायला हवं. प्रत्यक्षात रबरात ते जवळजवळ 1/2 असतं, बुचात शून्याच्या आसपास. इथे ही कल्पना हरली.

जिंकली ती कोशी यांची 1822 ची मांडणी. वस्तू सलग माना. प्रत्येक भाग फक्त लागून असलेल्या भागावरच बल लावतो. या गणितावर पुढे पूल उभे राहिले, जहाजं तरंगली. पण त्याची एक अट होती: वस्तूत कुठे खंड नको. आणि भेग म्हणजे तर खंडच! म्हणजे जिथे उत्तराची सर्वात जास्त गरज, तिथेच समीकरण गप्प.

1921 मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून वाट काढली. भेग वाढताना मोकळी होणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करायला पुरली, की भेग धावते. पण ती कुठे वळेल, कुठे फाटे फुटतील, हे निराळं सांगावं लागे. हा प्रश्न कागदावरचा नव्हता. 1954 मध्ये दोन कॉमेट विमानं हवेत फुटली, 56 माणसं गेली. फार्नबरोलाच विमानाचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा कळलं की भेग खिडकीसारख्या कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून सुरू होते.

आता 2000 सालाकडे येऊ. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचे स्टुअर्ट सिलिंग यांनी पेरिडायनॅमिक्स मांडलं. प्रत्येक बिंदू ठरावीक अंतरातल्या सगळ्या शेजाऱ्यांशी बंधांनी जोडलेला. उतार काढायचा नाही, बेरीज करायची. आणि बेरजेला खंडाची अडचण नसते. बंध मर्यादेपलीकडे ताणला की तुटतो. असे बंध तुटत गेले की संगणकावर भेग आपली वाट आपणच काढते.

म्हणजे बघा, अंतरावरून लागणारं बल परत आलं. आणि गंमत अशी, की सोबत तो 1/4 सुद्धा आला! जुन्या कल्पनेबरोबर जुना दोषही आला. 2007 मध्ये सिलिंग आणि सहकाऱ्यांनी तो दूर केला: बंधातलं बल त्या एका बंधावर नव्हे, तर भोवतालच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या एकत्रित हालचालीवर ठरवलं. शेजारी जास्त म्हणून हिशेबही जास्त. संगणकाला ही पद्धत महाग पडते, हेही खरं.

यातून आपण काय घ्यायचं? नाविए आणि कोशी यांच्यात खरा कोण, हा प्रश्नच अपुरा आहे. वस्तू वाकते कशी, याला सलगतेनं चांगलं उत्तर दिलं. तुटते कशी, हे विचारल्यावर हरलेल्या बाजूकडे परत जावं लागलं. म्हणून विचारांच्या इतिहासात एखादी कल्पना 'बाद' झाली असं वाचलं, की आपण विचारावं: कोणत्या प्रश्नापुरती?