प्याद्याचे एक घर

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीत बसून बुद्धिबळाच्या गतकाळाचा विचार करू लागले, की दृष्टी आपोआप गोदावरीच्या उगमाच्या दिशेने, पैठणकडे वळते. कारण ज्या भट्ट घराण्याने पैठण सोडून काशीत विद्येचे पीठ उभारले, त्याच घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ या राजनीतीवरील ग्रंथात या खेळाचे विवेचन केले. राजधर्माच्या ग्रंथात पटाला स्थान मिळावे, हा त्याचा केवढा सन्मान!

आपल्या देशी डावात प्यादे सामान्यतः पहिल्या चालीतही एकच घर सरके, शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे, आणि प्याद्याने दिलेली मात विशेष मानाची गणली जाई. दोन्ही फौजा सावकाश समोरासमोर येत असल्यामुळे आरंभीच मोहरे देऊन हल्ल्याचा वेग विकत घेण्याच्या व्यवहाराला, ज्याला गँबिट म्हणतात, तेथे फारसा वाव नव्हता.

1848 साली कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराने महेशचंद्र बॅनर्जी यांच्याविरुद्ध चौथ्याच चालीत राजाशेजारचे प्यादे घोड्याने मारले आणि दोन प्याद्यांच्या मोबदल्यात तो घोडा राजाच्या हाती दिला. राजाने तो घेताच त्याचा किल्लेकोटाचा हक्क गेला. देशी रिवाजातील ती एक उडी हाताशी असती, तर उघड्या पडलेल्या राजाचे भय पुष्कळ हलके झाले असते. या चढाईला कॉक्रेनचे नाव मिळाले हे यथायोग्यच. परंतु परक्या नियमांनी खेळतानाही उंटाला लांब कर्णावर बसवण्याची देशी धाटणी न सोडणाऱ्या महेशचंद्रांचे श्रेय मला अधिक वाटते, कारण ‘इंडियन डिफेन्स’ या नामाभिधानाचे मूळ त्यांच्या डावांत आहे.

महाराष्ट्रात देशी नियमांकडून युरोपीय नियमांकडे जाण्याचे हे संक्रमण त्याहून आधी सुरू झाले होते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत रचनेवरून, युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले इंग्रजी पुस्तक 1814 मध्ये मुंबईत छापले गेले. पुढे सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांचे नूतन बुद्धिबळ मंडळ 1941 पासून खेळाडू घडवू लागले. आज सांघिक सामन्यांत, घड्याळ धावत असताना, एखादा तरुण प्यादे सोडून चढाई करतो तेव्हा तो दोन परंपरांचा वारसा एकाच पटावर मांडत असतो.

तीर्थपुरीच्या पंचक्रोशीत किंवा अन्यत्र ज्यांच्या घरी एका घराच्या प्याद्याचा डाव आठवणारे वडीलधारे असतील, त्यांनी ते नियम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत, आणि जुन्या दप्तरांत पटाविषयी एखादा कागद आढळल्यास तो रद्दीत जाऊ देऊ नये, ही विनंती.