नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलाचा पुनर्विकास : जुन्या गाळेधारकाचे काय?

अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावात मोक्याच्या जागेवरचे व्यापारी संकुल बऱ्याचदा नगरपरिषदेच्या मालकीचे असते. राज्यातील लहान शहरांत अशी अनेक संकुले १९७९-८० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या लहान व मध्यम शहरे एकात्मिक विकास योजनेच्या काळात उभी राहिली. गाळ्यांच्या भाड्यातून पालिकेला कायमचे उत्पन्न मिळावे, हा त्यामागचा हिशेब. आज अशा जुन्या इमारतींचे स्लॅब गळतात, गाडी लावायला जागा नसते. मग जुने पाडून जास्त गाळ्यांचे नवे संकुल बांधण्याचा प्रस्ताव येतो. वर्षानुवर्षे तिथे दुकान चालवणाऱ्याचा प्रश्न मात्र एकच असतो : गाळा परत मिळणार का?

कायद्याने आपोआप मिळेलच, असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागू होत नाही. त्यामुळे खाजगी मालकाच्या भाडेकरूला असलेले संरक्षण पालिकेच्या गाळेधारकाला मिळत नाही. त्याचा आधार म्हणजे पालिकेशी झालेला करार. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ मध्ये मूळ तरतुदीप्रमाणे भाडेपट्टा ठरावीक मुदतीचाच असतो. प्रत्यक्षात मुदत संपून जाते, भाडे भरणे चालू राहते आणि दुकानदार गाळा आपलाच समजू लागतो. पण भाड्याची पावती म्हणजे भाडेपट्टा नव्हे.

खरी गुंतागुंत पोटभाडेकरूंची. करार एकाच्या नावावर, दुकान दुसऱ्याचे, मधल्या व्यवहाराचा कागद नाही. पुनर्वसनाची यादी मूळ करारावरून झाली तर रोज शटर उघडणारा माणूस यादीबाहेर राहतो.

नव्या संकुलाचा खर्च बहुधा वाढीव गाळ्यांच्या लिलावातून आणि अनामत रकमेतून काढायचा बेत असतो. खाजगी विकासक असेल तर त्याचा नफाही त्यातच. कागदावर हे जमते, कारण तिथे वरच्या मजल्याचा चौरस फूटही मोजलेला असतो. पण किराणा, कापड, औषधे घ्यायला आलेले गिऱ्हाईक सहसा जिना चढत नाही. तळमजल्यासाठी चढाओढ लागते आणि वरचे गाळे रिकामे राहतात. म्हणून करारात ‘गाळा मिळेल’ एवढेच पुरत नाही. मजला, क्षेत्रफळ, दर्शनी बाजू आणि नवे भाडे हेही लिहिलेले असावे लागते.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचे, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईचे, उदाहरण यात बोलके आहे. ही १८६९ ची वारसा वास्तू महापालिकेच्या मालकीची. खाजगी विकासकाकडून पुनर्विकास करण्याचा प्रस्ताव विरोधामुळे बारगळला. पुढे मूळ इमारत राखून महापालिकेने टप्प्याटप्प्याने काम हाती घेतले. टप्पे पाडले की सगळा बाजार एकदम उठवावा लागत नाही.

लहान गावात हा मुद्दा अधिकच नाजूक. अंबाजोगाईत शारदीय नवरात्र आणि मार्गशीर्षातला योगेश्वरी देवीचा उत्सव हे गर्दीचे दिवस. तात्पुरते पत्र्याचे गाळे बाजारापासून लांब दिले आणि असे दोन-तीन हंगाम बुडाले, तर गिऱ्हाईक दुसरे दुकान धरते. संकुलासमोर बसणाऱ्या हातगाडीवाल्यांसाठी पथविक्रेता अधिनियम, २०१४ आहे. सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी त्यांना हटवता येत नाही. गाळेधारकाने मात्र पाडकामापूर्वीच सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत, आपले नाव असलेली यादी आणि पर्यायी जागेचे लेखी पत्र हाती घेतलेले बरे.