रंगभवन आणि आवाजाची आठवण

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा ज्यांनी तरुणपणी ऐकला आहे, त्यांना मंचाच्या कडेला उभा असलेला गिटारवाला आठवत असेल. 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातील ‘दम मारो दम’च्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती. ते सूर निघाले की मागे बसलेली मुलेही उभी राहत. बालाघाटसारख्या गावांना इलेक्ट्रिक गिटारची ओळख झाली ती अशी, सिनेमा, रेडिओ आणि ऑर्केस्ट्रामुळे.

या वाद्याची गंमत त्याच्या विजेत आहे. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की खालच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला मोठे रूप देतो. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार 1954 साली आली, तर लंडनच्या जिम मार्शल यांचा अ‍ॅम्प्लिफायर 1962 साली. अ‍ॅम्प्लिफायरवर क्षमतेबाहेर भार टाकला की आवाज फाटतो. एरवी हा दोषच, पण रॉक संगीताने त्याचा अलंकार केला.

तो आवाज समोर बसून ऐकायचा तर मोठे शहर गाठावे लागे. नॅरो गेजच्या छोट्या गाडीने गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबई, असा प्रवास करून आपली कितीतरी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी गेली. त्या मुंबईत धोबी तलावाला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह होते. 1978 साली तिथे ‘जाझ यात्रा’ सुरू झाली. 1986 साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. रसिक त्याला लाडाने ‘आय-रॉक’ म्हणत. पुढे ‘इंडस क्रीड’ नावाने गाजलेले मुंबईचे ‘रॉक मशीन’ हे त्याच काळातले.

परदेशी गिटार त्या वेळी सहज मिळत नसे. आयात शुल्क जबर होते. बहुतेकांची भिस्त कोलकात्याच्या ‘गिव्हसन’ किंवा ‘हॉबनर’वर असे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडे मिठाईऐवजी तारांचा संच मागितला जाई. ज्याच्याकडे चांगला अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या घरी तालीम! 1865 पासूनचे ‘फुर्टाडोज’ हे वाद्यांचे दुकानही धोबी तलावाच्याच परिसरात. काचेआडची गिटार पाहून परतणारे तिथे कमी नव्हते.

पण रंगभवनाच्या आसपास कॉलेज होते, तसेच कामा आणि जी. टी. ही रुग्णालयेही होती. 2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद त्यांत होती. रंगभवन त्या कक्षेत सापडले आणि तिथल्या मोठ्या आवाजाच्या मैफली थांबल्या. ‘आय-रॉक’ला दुसरीकडे जावे लागले. चाहत्यांना आजही हळहळ वाटते. मात्र प्रसूतीसाठी कामा रुग्णालयात आलेल्या बाईला शांत झोप हवी, हेही खरे.

आपल्याकडे मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम तर 1985 पासूनच आहे, म्हणजे ‘आय-रॉक’च्याही एक वर्ष आधीपासून. तेव्हा हा प्रश्न मुंबईच्या रॉकवाल्यांचा तेवढाच नव्हे, तो आपल्या मंडपाचाही आहे. रंगभवनातला आवाज लोकांच्या आठवणीत राहिला, कारण तो कोणीतरी हाताने वाजवत होते आणि ऐकणारे तिकीट काढून, आवडीने तिथे आले होते. ऐकायला न आलेल्या माणसाच्या खिडकीवर जो आदळतो, त्या आवाजाची आठवण राहत नाही, फक्त तक्रार राहते.

म्हणून मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर उभे करण्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी आपल्याच मुलामुलींना मंच द्यावा. तबला, पेटी असो की गिटार. दहाच्या आत कार्यक्रम संपवावा. गणपती हा कलांचा देव आहे, आणि त्याचे कान मोठे आहेत. त्याला ऐकू जावे म्हणून ओरडायची गरज नाही.