‘व्हीए’ नंबर प्लेटची कुळकथा

भारतात पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीला आणि चारचाकीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तिचा नंबर दहा अक्षर-अंकांचा असतो: आधी राज्याची दोन अक्षरे, मग ‘व्हीए’, मग मालिकेची दोन अक्षरे आणि शेवटी चार आकडे. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही तरतूद आली. वय मोजायचे ते पहिल्या नोंदणीपासून, आणि गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले असतील तर ती या व्याख्येत बसत नाही.

नंबर प्लेटचे मूळ पॅरिसमध्ये आहे. तिथल्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटारींवर ओळखपट्टी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी क्रमांक आले. जुन्या गाड्यांना वेगळी पाटी देण्याची कल्पना पुढची. कॅलिफोर्नियात १९२२ पर्यंत बनलेल्या गाड्यांना ‘हॉर्सलेस कॅरेज’ म्हणजे ‘बिनघोड्याची गाडी’ अशी खास पाटी मिळते. १९६५ पूर्वीच्या, सोळा किंवा अधिक सिलिंडरच्या गाड्याही तिथे याच वर्गात मोडतात. जर्मनीने १९९७ मध्ये तीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नंबरामागे ‘एच’ लावायला सुरुवात केली.

भारतीय ‘व्हीए’ याच परदेशी घराण्यातले, असा समज सहज होतो. त्याला आधारही आहे. भारतीय नियमानुसार अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कामांसाठी ती बाहेर काढता येते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांचे नियम याच वळणाचे आहेत. जर्मन ‘एच’वर मात्र वापराचे असे बंधन नाही. म्हणजे उसनवारी झाली असेल तर ती अटलांटिकच्या पलीकडून.

पण उसनवारीने मुहूर्ताचा उलगडा होत नाही. दिल्लीत ‘स्टेट्समन’ची विंटेज रॅली १९६४ पासून भरते. कौतुकापोटीच नियम व्हायचा असता तर त्याला २०२१ कशाला उजाडले असते? उत्तर भंगाराच्या धोरणात सापडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. विंटेजचे नियम जुलैत आले आणि ऑगस्टमध्ये भंगार धोरणाचे उद्‌घाटन झाले. म्हातारी गाडी निकालात काढायची ठरल्यावर कोणती म्हातारी राखायची हे ठरवणे भागच होते. ‘व्हीए’ हे भंगार धोरणाचे जुळे भावंड आहे.

शुल्काचा आकडाही याच नात्याकडे बोट दाखवतो. विंटेज गाडीच्या पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये ठरले. पंधरा वर्षे उलटलेल्या साध्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. दोन्हीकडे तोच आकडा. दुचाकीला हा मेळ बसत नाही, कारण साध्या दुचाकीचे नूतनीकरण १,००० रुपयांत होत होते. तरी मोटारींपुरता हा योगायोग मानणे कठीण आहे.

खरे कोडे ‘व्हीए’ या अक्षरांचे आहे. अधिसूचना एवढेच सांगते की ‘व्हीए’ म्हणजे विंटेज. मग ‘ए’ आला कुठून? ‘विंटेज ऑटोमोबाईल’ हा खुलासा ओठांवर पटकन येतो, पण तो टिकत नाही. नियमांत सर्वत्र ‘विंटेज मोटर व्हेइकल’ असा शब्दप्रयोग आहे, तेव्हा त्या हिशेबाने ‘व्हीएम’ यायला हवे होते. शब्दाची पहिली दोन रोमन अक्षरे घेतली तर ‘व्हीआय’ होते, आणि तिथेच अडचण येते. एक आणि शून्य यांच्याशी गल्लत नको म्हणून भारतीय नंबरांच्या मालिकांत ‘आय’ आणि ‘ओ’ टाळतात. ‘आय’ बाद झाल्यावर ‘व्ही’ला जोड म्हणून वर्णमालेतले पहिलेच अक्षर आले असावे. हीच उपपत्ती अधिक पटण्यासारखी आहे.

या अक्षरांची जागाही अर्थपूर्ण आहे. ‘एमएच १२’ पाहिले की गाडी पुण्याची हे कळते. विंटेज नंबरात आरटीओच्या आकड्याची ही जागा ‘व्हीए’ने घेतली. त्यामुळे गाडीला जिल्हा उरत नाही, फक्त राज्य उरते. कारभारही तसाच आहे: अर्जासाठी राज्याचा नोडल अधिकारी आणि गाडी तपासायला राज्याने नेमलेली समिती. नोंदणी दहा वर्षे चालते.

आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला मात्र नवा नंबर घ्यावा लागत नाही. तिचा जुना क्रमांक कायम राहतो. १९८९ पूर्वी मुंबईच्या अनेक गाड्यांवर ‘बीएम’ने सुरू होणारी तीन अक्षरे असत. त्या अक्षरांत गाडीचे गाव आणि काळ दोन्ही नोंदलेले आहेत, आणि त्यांची सर ‘व्हीए’ला येणार नाही. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी तिच्या इंजिनाइतकीच तिच्या आरसी बुकाची काळजी घ्यावी. जुन्या नंबरावरचा हक्क त्या कागदावरूनच शाबीत होतो.