अंत नसलेल्या कथेतील खलपुरुष

नाटकातील प्रतिनायकाचे भवितव्य पडदा पडण्यापूर्वी ठरून गेलेले असते. त्याचा वध व्हावा, पराभव व्हावा, अथवा त्याला उपरती व्हावी. यांपैकी काहीतरी घडल्यावाचून नाट्यवस्तूला पूर्णता येत नाही. परंतु ज्या कथेला शेवटच करावयाचा नाही, तिच्यातील खलपुरुषाचे काय करावयाचे? दूरचित्रवाणीवरील दीर्घकाळ चाललेल्या विज्ञानकथामालिकांना हा प्रश्न टाळता आला नाही. त्याची बोधप्रद उत्तरे बी.बी.सी.च्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या इतिहासात सापडतात. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी तिचा आरंभ झाला. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौ येथे जन्मलेले वारिस हुसेन. १९८९ मध्ये ती थांबली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

मालिकेचा नायक डॉक्टर हा स्थलकालातून संचार करणारा परग्रहावरील प्रवासी. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल या नटाच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, तेव्हा नायकाचे शरीरच पालटते अशी कल्पना योजण्यात आली. देहाबरोबर त्याचा स्वभावही बदलू लागला. नायकाला परिवर्तनाची ही मुभा सहज मिळाली. खलपुरुषाला मात्र ती मिळणे फार अवघड होते, आणि या मालिकेचा खरा वाङ्मयीन इतिहास या विषमतेचा आहे.

बी.बी.सी.च्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना बटबटीत डोळ्यांचे राक्षस मालिकेत नको होते. तरीही दुसऱ्याच कथेत, डिसेंबर १९६३ मध्ये, टेरी नेशन यांनी डेलेक आणले. युद्धाने विद्रूप झालेल्या एका वंशाचे हे अवशेष धातूच्या कवचात राहत आणि स्वतःहून भिन्न अशा प्रत्येक जीवाचा द्वेष करीत. रेमंड क्यूसिक यांनी त्यांना दिलेल्या रूपात मानवी देहाची खूणही उरली नव्हती. कथेच्या शेवटी ते सारे मरून पडले. परंतु प्रेक्षकांना त्यांनी असे झपाटले होते की, वर्षभरातच त्यांना परत आणावे लागले. पूर्वीची घटना दूरच्या भविष्यकाळातील होती, असा खुलासा डॉक्टरच्याच तोंडी घालून लेखकाने मार्ग काढला. कालप्रवासाची कल्पना येथे कथेच्या सोयीला धावून आली. पण तिची किंमतही द्यावी लागली. ज्यांचा अंत खरा नाही, त्यांच्या पराभवालाही वजन राहत नाही.

१९७१ मध्ये बॅरी लेट्स आणि टेरन्स डिक्स यांनी दुसरा मार्ग धरला. होम्सला जसा मोरिआर्टी, तसा डॉक्टरला त्याच्याच वंशातील, त्याच्याच तोलाच्या बुद्धीचा एक शत्रू त्यांनी दिला. ‘मास्टर’ या नावाची ही भूमिका रॉजर डेलगाडो यांनी अत्यंत सभ्य, मोहक क्रौर्याने साकार केली. त्या वर्षीच्या पाचही कथांत मास्टर होता, म्हणजे एकच बुद्धिमान पुरुष वर्षभरात पाच वेळा हरला. भीतीचे रूपांतर परिपाठात होऊ लागले, आणि पुढील वर्षी तो दोनच कथांत दिसला. त्यांपैकी ‘द सी डेव्हिल्स’मध्ये डॉक्टर त्याला बंदिवासात भेटावयास जातो. शत्रुत्वाच्या तळाशी असलेल्या जुन्या मैत्रीची ही चाहूल पुढे विकसित होऊ शकली असती. परंतु जून १९७३ मध्ये तुर्कस्तानात डेलगाडो यांचे अपघाती निधन झाले आणि तो धागा दीर्घकाळ तसाच राहिला.

खलपुरुष बदलत नसेल, तर त्याच्याकडे पाहणारी दृष्टी बदलता येते. १९७५ मधील ‘जेनेसिस ऑफ द डेलेक्स’ या सहा भागांच्या कथेचे मर्म हेच आहे. डेलेकांचा उद्भवच टाळण्याच्या कामगिरीवर डॉक्टरला पाठविण्यात येते. स्फोट घडविणाऱ्या दोन तारा त्याच्या हातात आहेत; त्या जुळविल्या की काम संपले. तो थबकतो. एखादे मूल पुढे क्रूर हुकूमशहा होणार हे ठाऊक असले, तरी त्याला बालपणीच मारण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय डेलेकांच्या भयानेच पुढे कित्येक वैरी जगे एकत्र येणार आहेत. बारा वर्षे चाललेला ‘कसे हरवावे’ हा प्रश्न येथे ‘हरविण्यासाठी स्वतः काय व्हावे’ असा होतो. याच कथेत डेलेकांचा निर्माता डाव्हरॉस आपल्याच निर्मितीपुढे दयेची याचना करतो. पण दया त्याने तिच्यात घातलेलीच नसते.

२००५ मधील ‘डेलेक’ या रॉबर्ट शिअरमन यांच्या कथेने या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. साखळदंडांनी जखडलेला एकटा डेलेक आणि त्याला ठार मारावयास अधीर झालेला डॉक्टर यांत द्वेष कोणाचा अधिक, असा संभ्रम निर्माण होतो. मानवी स्पर्शाने डेलेक बदलू लागतो. मात्र बदललेल्या अवस्थेत जगणे त्याला असह्य होते आणि तो स्वतःचा अंत करतो. २०१७ मध्ये मास्टरचीही तीच गत झाली. मिशेल गोमेझ यांनी साकारलेल्या स्त्रीरूपात, म्हणजे ‘मिसी’ म्हणून, तिने अखेर जुन्या मित्राच्या बाजूने उभे राहण्याचे ठरविले. त्याच क्षणी तिच्याच पूर्वावताराने तिचा घात केला. ती परतत होती, हे डॉक्टरला कळलेच नाही.

२०२० च्या आरंभी साशा धवन यांच्या रूपाने मास्टर परत आला, तो पूर्वीइतकाच दुष्ट होता. अशा पुनरागमनात व्यवहाराचा भाग मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेवढ्याने त्याचा अर्थ संपत नाही. दुष्टता पुनःपुन्हा परतते, हा मानवी इतिहासाचाही अनुभव आहे, आणि प्रत्येक वेळी नायकाला आपला निर्णय नव्याने घ्यावा लागतो, यात या प्रकाराचे नैतिक सामर्थ्य आहे. त्याची मर्यादाही तेथेच दिसते. खलपुरुषाचा मृत्यू ही कथा सहज पचविते, कारण त्याला परत आणता येते. त्याची उपरती मात्र तिला पेलत नाही. ती स्वीकारावयाची, तर एक वैर कायमचे मिटवावे लागेल, आणि अंत नसलेल्या कथेला तेवढा एक अंतही परवडत नाही.