राहत कर्ज: दुकानाचं भाडं आणि कामगारांचा पगार अडला तर

मोहाडी तालुक्यातलं वरठी म्हणजे भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. प्रवासी आणि कामगार यांच्यावरच इथल्या चहाच्या टपऱ्या, खानावळी, टेलर आणि गॅरेज चालतात. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि गिऱ्हाईक थांबलं. गाळ्याचं भाडं आणि कारागिरांचा पगार मात्र थांबला नाही. तेव्हा सरकारने काय दिलं, ते कोणाला मिळालं आणि आज काय मिळू शकतं, याची ही माहिती.

२०२० ची हमी योजना

मे २०२० मध्ये केंद्र सरकारने ३ लाख कोटी रुपयांची तातडीची कर्ज हमी योजना आणली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी धंद्यावर जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के जादा कर्ज, नवीन तारण न घेता. बँकेचा व्याजदर जास्तीत जास्त ९.२५ टक्के, मुदत चार वर्षं आणि पहिल्या वर्षी मुद्दलाचा हप्ता नाही. पुढे योजना वाढत गेली आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत चालली.

उदाहरण बघा. बाकी कर्ज २ लाख असेल तर जादा मिळणार ४० हजार. ९.२५ टक्क्यांनी पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ३०८ रुपये व्याज, नंतर तीन वर्षं सुमारे १,२७७ रुपये हप्ता.

कोण बाहेर राहिलं?

ज्याच्या धंद्यावर आधीचं कर्जच नव्हतं, त्याला या योजनेत काहीच नव्हतं. नातेवाइकांकडून उसने घेऊन, रोखीने आणि इमानदारीने धंदा करणारे आपले कितीतरी लोक याच गटात मोडतात. अडचण खरी होती, पण बँकेच्या दप्तरात तिची नोंद नव्हती.

हमी कोणाला?

सरकारची हमी बँकेला असते, कर्जदाराला नाही. हप्ते थकले तर बँकेचं नुकसान सरकार भरतं, आपली परतफेड मात्र माफ होत नाही. अमेरिकेत २०२०-२१ मध्ये अशाच कर्जाचे किमान ६० टक्के पगारावर खर्च केले आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर पूर्ण कर्ज माफ व्हायचं. आपल्याकडे तशी सोय नव्हती.

आज काय आहे?

• मुद्रा: विनातारण कर्ज. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. मुद्राने कुठलाही एजंट नेमलेला नाही, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.
• पीएम स्वनिधी: फेरीवाल्यांसाठी. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५ हजार, मग २५ हजार, मग ५० हजार. ही शहरी योजना आता जनगणनेत शहर म्हणून नोंदलेल्या गावांपर्यंत टप्प्याटप्प्याने नेली जात आहे. वरठीच्या फेरीवाल्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी.
• मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ: राज्य सरकारचं महामंडळ, व्यवसाय आणि शिक्षणासाठी कर्ज देतं.

व्याजाचा प्रश्न

मुद्रा आणि स्वनिधी ही व्याजाची कर्जं आहेत. स्वनिधीत वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान मिळतं, पण त्याने कर्ज बिनव्याजी होत नाही. ज्यांना सूद टाळायचा आहे त्यांनी आधी आलिमांचा सल्ला घ्यावा, घरात किंवा जमातीत कर्ज-ए-हसनाची सोय होते का ते पाहावं.

आत्ताच करून ठेवा

उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे आणि आधारवर होते. भाडेकरार लेखी ठेवा. भाडं आणि पगार शक्यतो बँकेतून द्या. रोजच्या विक्रीची वही ठेवा. उद्या पुन्हा धंदा बसला, तर मदत मागताना हेच कागद आपल्या बाजूने बोलतील.