कँडीपासून पुण्यापर्यंत : आमच्या धर्मगुरूंचे विद्यापीठ

महोत्सवी अंकात देवळाचा, घंटेचा व शाळेचा इतिहास येतो, आणि तसा तो यावाही. परंतु वेदीपाशी उभा राहून मिस्साबली अर्पण करणारा धर्मगुरू कोठे शिकला, किती वर्षे शिकला, तेथे त्याचा दिवस कसा जात असे, याचा विचार आपण क्वचितच करितो. जळगाव, भुसावळ, धुळे येथील आपल्या विखुरलेल्या ख्रिस्ती समाजास तर हा विचार अगत्याचा आहे; कारण धर्मगुरू लाभणे न लाभणे यावरच लहान धर्मग्रामाचे जीवन अवलंबून असते. म्हणून पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाचा व तेथील विद्यार्थिजीवनाचा वृत्तांत वाचकांस थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

होतकरू धर्मगुरूंसाठी प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी, असा निर्णय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली केला. गोव्यात त्यापूर्वीच सेंट पॉल कॉलेज उभे राहिले होते. तेथे आशिया व आफ्रिका खंडांतील निरनिराळ्या देशांची मुले एकत्र शिकत, आणि हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली तेथेच सुरू झाला. तथापि विद्या मिळाली म्हणजे अधिकार मिळतोच असे नाही. दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो यांस गोव्यात गुरुदीक्षा मिळेना, तेव्हा ते थेट रोमला गेले, तेथे शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप झाले. एका हिंदी विद्यार्थ्यास आपल्याच लोकांची सेवा करण्याची परवानगी मिळविण्यासाठी सात समुद्र ओलांडावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नव्हे.

या उणिवेवर खरा उपाय योजिला तो पोप तेरावे लिओ यांनी. हिंदुस्थानचा उद्धार हिंदुस्थानच्याच पुत्रांच्या हातून व्हावा, हा हेतू धरून त्यांनी १८९३ साली येथील धर्मप्रांतांसाठी एक मोठी सेमिनरी स्थापिली. त्यांचे प्रतिनिधी महागुरुस्वामी झालेस्की यांनी तीसाठी सिलोनातील कँडी हे थंड हवेचे ठिकाण निवडले आणि शिक्षणाची धुरा बेल्जियन येशूसंघीयांनी उचलली. विद्यार्थ्याने घर सोडावे, आगगाडीने दक्षिणेचे टोक गाठावे, तेथून बोटीने सिलोनात उतरावे आणि मग कित्येक वर्षे आईबापांचे मुखही पाहू नये, असा तो काळ होता.

इतका खटाटोप कशासाठी, असे त्या वेळी कोणी विचारिले असेल तर त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धाने दिले. १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात तापीच्या दक्षिणेकडील आपला मुलूख येत असे, आणि त्या प्रांताचे काम मुख्यत्वे जर्मन येशूसंघीयांवर होते. १९१४ साली युद्ध पेटले. इंग्रज सरकारच्या लेखी हे धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कित्येकांस स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढे स्वदेशी परत पाठविण्यात आले. खुद्द बिशप हेन्री डोरिंग यांस आपल्या प्रांतात परतता येईना. १९२१ ते १९२७ पर्यंत त्यांनी जपानात हिरोशिमा येथे काम केले, व नंतरच ते पुण्यास आले. यात कोणा धर्मगुरूचा दोष नव्हता. परंतु ज्या धर्मसभेचे मेंढपाळ परक्या देशातून येतात, तिचा कळप राजेलोकांच्या एका भांडणाने पोरका होऊ शकतो, हा धडा मात्र सर्वांस मिळाला.

१९२६ साली कँडीच्या संस्थेस पदव्या देण्याचा अधिकार रोमकडून मिळाला. पुढे १९४७ साली हिंदुस्थान व १९४८ साली सिलोन स्वतंत्र झाले आणि कँडी हिंदी विद्यार्थ्यास परदेश झाली. १९५५ साली सेमिनरी पुण्यास नगर रस्त्यावर रामवाडी येथे आली. तिच्या शेजारी येशूसंघीय विद्यार्थ्यांचे डी नोबिली कॉलेज आहे. ज्या रॉबर्ट डी नोबिलींचे नाव त्यास दिले, त्यांनी सतराव्या शतकात मदुरेस संन्याशाच्या वेषात राहून तमिळ व संस्कृत आत्मसात केली होती. १९७२ पासून या विद्यापीठास ‘ज्ञानदीप’ हे नाव लाभले. जळगावचा मुलगा रात्री गाडीत बसला की चाळीसगाव, मनमाड, दौंड करीत सकाळी पुण्यास पोहोचतो, धुळ्याहून एस. टी. आहेच. समुद्रापलीकडचे विद्यापीठ एका रात्रीच्या अंतरावर आले!

आता तेथील जीवन पाहू. धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा मिळून निदान सहा वर्षे अभ्यास झाला पाहिजे, असा धर्मसभेचा कायदा आहे. आधी तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान, असा त्याचा क्रम होय. प्रथम बुद्धीला विचार करण्यास शिकवावे, मग तिला प्रकटीकरणाच्या दारी न्यावे, अशी यामागील कल्पना आहे. खानदेशास तत्त्वज्ञानाचे हे वेड नवे नाही. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने अमळनेर येथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले, आणि दूरदूरचे विद्वान तेथे राहून शांकर वेदान्ताचे चिंतन करीत. आपल्या विद्यार्थ्यांचे तत्त्वज्ञान मात्र प्रार्थनेच्या सोबतीने चालते. पहाटेचे मनन, मिस्सा, व्याख्याने, ग्रंथालय, खेळ, आणि रात्रीचे मौन, असा त्यांचा दिवस. शिवाय आजूबाजूच्या वस्त्यांत जाऊन सेवा करणे हाही शिक्षणाचाच भाग असतो.

१९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या जीवनात मोठा पालट केला. लॅटिनची सद्दी संपली व उपासनेत लोकभाषा आल्या. सेमिनरीच्या विद्यार्थ्यांच्या बाकांशेजारी धर्मभगिनी व प्रापंचिक विद्यार्थीही येऊन बसू लागले. वर्गात केरळचा, मंगळूरचा, छोटा नागपूरचा व ईशान्येकडील डोंगराळ प्रांताचा असे विद्यार्थी एकत्र असतात. सर्वांची समाईक भाषा इंग्रजी. आणि येथेच आमच्या मते खरा प्रश्न उभा राहतो.

विद्यापीठ समुद्र ओलांडून आपल्या प्रांतात आले. परंतु व्याख्यानगृहापासून धुळ्याच्या म्हातारीच्या ओट्यापर्यंतचे अंतर कोणतीही गाडी तोडीत नाही. ते ज्याचे त्यानेच चालावे लागते. आजारी माणूस आपले दुःख मराठीत सांगतो, पुष्कळदा अहिराणीत सांगतो. कबुलीजबाबात तर मातृभाषेशिवाय जीभ वळत नाही. तेथे पदवी अपुरी पडते. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रजाने १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ दिले. वर उल्लेखिलेल्या डोरिंगसाहेबांनी बिशप होण्यापूर्वी १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ येथे ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. परदेशी माणसांनी हे केले, तर याच देशाच्या पुत्रांस ते कठीण का वाटावे?

मात्र सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. नवखा ब्रदर सुटीत धर्मग्रामात आला की आपण त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्यात भूषण मानितो. त्यापेक्षा त्यास घरी जेवावयास बोलवावे, त्याच्या चुकीच्या लिंगवचनावर हसू नये, त्यास आपल्या केळीच्या बागेत व कापसाच्या शेतात हिंडवावे. त्याच्या शिक्षणाचे हेही एक वर्ष होय, आणि त्याचे गुरू आपण आहोत.

दुसरी गोष्ट याहून मोठी. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत निराळा झाला आणि जळगाव व धुळे त्यात आले. १९९० साली जळगावास स्वतंत्र विद्यापीठ झाले व आज त्यास कवयित्री बहिणाबाईंचे नाव आहे. आपली मुले तेथे पदव्या मिळवितात, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु पुत्रांनीच स्वदेशाची सेवा करावी, हा पोप लिओंचा संकल्प खानदेशापुरता पुरा करणे आपल्याच घरांच्या हाती आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी पाचारणाची गोष्ट काढील, तेव्हा आईबापांनी तिकडे कानाडोळा करू नये. देऊळ बांधणाऱ्या पूर्वजांनी दगड दिले, चुना दिला, घाम गाळला. आपल्यापाशी त्याहून मोलाचे जे आहे ते देण्याची बुद्धी व धैर्य प्रभू येशू या महोत्सवी वर्षात आपणां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.